पहिलं दळण

चालती गिरणी मधेच बंद करायची नसते. दाणा दगडांच्या फटीत अडकतो, पट्टा घसरतो, आणि गिरणीवाल्याचं डोकं फिरतं ते वेगळंच. शहादेव आबांच्या गिरणीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून त्या सकाळी भिवराबाईची ज्वारी निम्मी दळून झालेली असताना आबांची सून मंजुषा तरातरा आत आली आणि तिनं भिंतीवरचा खटका सरळ खाली ओढला, तेव्हा आबांनी आधी वर पाहिलं. त्यांना वाटलं लाइट गेली. बल्ब तर चालू होता.

“मामा, रिपोर्ट आला.”

“आला तर आला. गिरणी कावून बंद केली?”

मंजुषानं मोबाइल पुढं धरला. आबांच्या चष्म्यावर पिठाचा थर होता, म्हणून तिनंच वाचून दाखवलं. बचत गटाच्या बायकांनी केलेल्या बाळसत्वाच्या पाकिटात शिसं निघालं होतं. किलोमागं दोन पूर्णांक आठ मिलिग्रॅम. चालतं किती, तर शून्य पूर्णांक दोन.

“शिसं? ते ब्याटरीत असतं ते?” आबा म्हणाले. “पिठात कुठून येईल ते? यडी का खुळी तू?”

“मी न्हाई म्हणत, मामा. मशीन म्हणतंय.”

हे बाळसत्व काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. चौसाळ्याच्या पुढं, हमरस्त्यापासून आत, दीडशे उंबऱ्यांची ही वाडी. दसरा झाला की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. कोयते बांधले जातात, ट्रक येतात आणि माणसं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. सोबत तान्ही पोरं असतात, आणि उसाच्या फडात ना अंगणवाडी असते ना आजी. त्या पोरांसाठी बीडच्या एका संस्थेनं मंजुषाच्या गटाला चारशे पाकिटं करायला सांगितली होती. तांदूळ, ज्वारी आणि मूग धुवायचे, वाळवायचे, भाजायचे, दळायचे. आईनं कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, नुसतं पाणी उकळून त्यात कालवलं की बाळाची पेज तयार. अट एकच होती. एक पाकीट आधी प्रयोगशाळेत जाणार, आणि तिथून होकार आल्याशिवाय बाकीची ट्रकात चढणार नाहीत. चारशे पाकिटं समाजमंदिरात रचून ठेवलेली होती. पहिला ट्रक रिपोर्टपासून बाराव्या दिवशी येणार होता.

दळण अर्थातच शहादेव आबांच्या गिरणीतलं. दुसरीकडं न्यायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नसता.

या माणसाची ओळख करून द्यायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं आकड्यांचं वाटेल. आबा एकतीस वर्षं गिरणी चालवत होते. तोंडानं फाटके, हातानं चोख. आजूबाजूच्या गावांत नव्या गिरण्या आल्या, कारखान्यात ओतलेले तयार दगड आले, पण आबांनी आपला काळ्या पाषाणाचा जुना जोड सोडला नाही. “नवा दगड तापतो,” ते म्हणत. “तापला की पीठ विरी जातं, भाकर थापताना चिरते. माझं दळण हातात घेऊन बगा.” आणि खरंच, त्यांचं पीठ हाताला थंड लागायचं.

दर पंधरवड्याला ते दगड उघडत, छिन्नी-हातोडी घेऊन बसत आणि त्यांना टाकी लावत, म्हणजे झिजलेल्या चऱ्या पुन्हा कोरून धारदार करत. टाकी लावल्यावर जे पहिलं पीठ निघतं त्यात दगडाची कच असते. बाकीचे गिरणीवाले ते पहिल्या गिऱ्हाइकाच्या डब्यात खुशाल खपवतात. आबांनी हे कधी केलं नाही. पहिलं दळण त्यांच्या स्वतःच्या घरचं. घरून पायलीभर ज्वारी आणायची, दळायची आणि ते पीठ घरी न्यायचं. कच लागायचीच असेल तर आपल्या दाताखाली लागू दे, लोकांच्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. साऱ्या वाडीला याचं कौतुक होतं आणि आबांना त्या कौतुकाचं वावडं नव्हतं.

पहिल्या दळणाला एक मानकरी असायची. आबांची नात ईश्वरी, मंजुषाची मुलगी, चौथं लागलेली. बाप अजिनाथ ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पोर आजोबांच्या मागंच. टाकी लावून गिरणी सुरू झाली की ती कुठूनही पळत येई आणि जीभ बाहेर काढून समोर उभी राही. आबा पडत्या पिठातली चिमूट तिच्या जिभेवर ठेवत. “घ्या मालकीण, पास हाय का बगा.” ती तोंड मिटून मान डोलवी, आणि मगच गिऱ्हाइकांची रांग सुरू होई. बोलायला मात्र पोर मागं होती. सुटे चार-पाच शब्द, त्यापुढं गाडी जात नव्हती. पोट दुखतं म्हणून कळवळायची, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आबांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, तिची दृष्ट काढून काढून घरातल्या मिरच्या संपवल्या होत्या. त्यांचं स्वतःचं पोटही दोन वर्षं दुखत होतं, पण ते त्यांनी वयाच्या नावावर घातलं होतं.

आबांचा पहिला संशय तांदळावर गेला. ज्वारी आणि मूग वाडीतलेच, माणसं ओळखीची. तांदूळ इकडं पिकत नाही. तो चौसाळ्याच्या बंकटच्या दुकानातून आलेला. बंकट म्हणजे आबांचा शाळेतला सोबती, आणि दोघांचं एकमेकांशी प्रेमाचं बोलणं गेल्या चाळीस वर्षांत कुणी ऐकलेलं नव्हतं. त्याच दुपारी आबा काळी-पिवळी जीप धरून चौसाळ्याला गेले.

“तांदूळ कुठला दिला बे तू?”

“कावून? शिजंना का?”

“त्याच्यात शिसं हाय.”

बंकटच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतल्या एकीनं हातातली तांदळाची पिशवी हळूच खाली ठेवली. ते पाहून बंकटचा पारा चढला.

“अर्धं चौसाळा हाच तांदूळ खातं. माझ्या घरी ह्योच शिजतो. माझं नाव खराब करायला आलास व्हय बे? तुझ्या चक्कीत काय हाय ते बग की आधी!”

“माझ्या चक्कीत?” आबांचा आवाज चिरकला. “माझं पहिलं दळण कुठं जातं इचार गावाला!”

हातघाईवर यायचं तेवढं राहिलं. शेवटी बंकटनंच पोत्यात हात घातला आणि मूठभर तांदूळ कागदात बांधून पुढं केला. “ने. तपास. निघालं तर दुकानाला कुलूप लावतो. न्हाई निघालं तर भर चौकात माझी माफी मागायची.”

“मागंन,” आबा म्हणाले.

इकडं वाडीत गटाच्या बायकांचं एकमेकींकडं पाहणं बदललं होतं. भाजायची कढई साखराबाईंची. कुणीतरी म्हणालं कढईचंच काहीतरी आहे, आणि साखराबाई डोळ्याला पदर लावून समाजमंदिरातून उठून गेल्या. कुणी बोअरच्या पाण्यावर घेतलं, कुणी पाकिटाच्या प्लास्टिकवर. बारा दिवसांतले दोन असे भांडणातच गेले. मंजुषा बारावी सायन्स झालेली, पुढं शिकायचं राहून गेलेलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मामा, भांडून न्हाई कळायचं. एकेक पायरी तपासू. जिथं आकडा उडी मारंल तिथं चोर.”

प्रयोगशाळेला फोन करून तिनं सगळं विचारून घेतलं. नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, लोखंडाचा चमचा बाजूला ठेवून प्लास्टिकचा घेतला, हात धुतले. पहिल्या पिशवीत बंकटचा तांदूळ, दुसरीत ज्वारी, तिसरीत मूग. चौथीत धुवून वाळवलेलं सगळं, पाचवीत भाजलेलं, सहावीत दळलेलं. सातवीत पाकिटातलं सत्व. आबा बाजूला बसून प्रत्येक पिशवीचं तोंड आपल्या हातानं बांधत होते. सात झाल्या तेव्हा ते म्हणाले, “आठवी माझी.”

“कशाची?”

“घरच्या डब्यातलं पीठ. परवाच टाकी लावली, पहिलं दळण हाय. शुद्ध पीठ कसं असतं ते तरी कळू दे त्या मशीनला. त्याच्यात खोट निघाली तर मिशी उतरवीन.”

मंजुषाला हसू आलं, पण ताडून पाहायला एक चांगला नमुना असावा हे तिलाही पटलं. तिनं आठव्या पिशवीवर लिहिलं, ‘घरचं, चांगलं’.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीचं पोट पहाटेपासून दुखत होतं. मंजुषाला निघता येईना, म्हणून आठ पिशव्या घेऊन आबा एकटेच एसटीत बसले. मांजरसुंब्याला गाडी दहा मिनिटं थांबली. ढाब्यांच्या पलीकडं गॅरेजांची रांग होती, आणि तिथं एक माणूस उकिडवा बसून ट्रकची जुनी ब्याटरी फोडत होता. आबांची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी तोंड फिरवलं आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली. गाडी सुटेपर्यंत त्यांनी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं नाही.

बीडच्या प्रयोगशाळेत विजयमाला मॅडम होत्या. दिंद्रुडकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, वयानं मंजुषाएवढ्याच. ट्रकचा दिवस कळल्यावर त्यांनी बाकीचं काम बाजूला सारलं आणि आबांना काचेच्या पलीकडून पाहायला परवानगी दिली. मॅडमचा तराजू काचेच्या पेटीत होता आणि ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवत होता. पेटीचं दार उघडं असताना कुणी जवळून श्वास सोडला तरी आकडा हलायचा. आबांनी जन्मभर तराजू हाताळलेला. त्यांना या तराजूचा एकदम आदर वाटला.

मॅडमनी प्रत्येक पिशवीतलं चिमूटभर मोजून नळीत घातलं, वर ॲसिड ओतलं आणि नळ्या तापायला ठेवल्या. पिवळा धूर निघाला. दोन-अडीच तासांनी नळीत पीठ राहिलंच नव्हतं, पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी होतं.

“धान्य कुठं गेलं?” आबांनी विचारलं.

“धान्य गेलं. धातू असेल तर तो मात्र जात नाही, पाण्यात विरघळून राहतो. आता मशीन तेवढाच मोजणार.”

“आन् ती नववी नळी? तिच्यात तर तुमी काईच घातलं न्हाई.”

“ती आमची आहे,” मॅडम म्हणाल्या. “आमच्या ॲसिडात, आमच्या भांड्यात शिसं असलं तर आधी कळायला हवं. नाहीतर आमचा दोष तुमच्या पिठावर जायचा.”

आबांचा चेहरा खुलला. “म्हंजे तुमचंबी पहिलं दळण घरीच!” मॅडमना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

मशीन एका बारीक नळीनं पाणी ओढून घेई आणि पडद्यावर आकडा उमटे. रिकामी नळी आधी लावली: काही नाही. तांदूळ: शून्य पूर्णांक शून्य तीन. बंकट सुटला. ज्वारी सुटली, मूग सुटले. चौथी पिशवी, पाणीही सुटलं. पाचवी: शून्य पूर्णांक शून्य चार. साखराबाईंची कढई निर्दोष. आबांनी कपाळावरचा घाम पुसला. आता मागं फक्त तीन पिशव्या राहिल्या होत्या, आणि पाचवी-सहावीच्या मधे घडलं होतं ते एकच, दळण.

सहावी: दोन पूर्णांक नऊ.

मॅडमनी आबांकडं पाहिलं. आबा पडद्याकडं पाहत होते. सातवी: दोन पूर्णांक आठ. मग आठवी लावली, आणि मशीननं आकडाच दिला नाही. मोजण्याच्या पट्टीबाहेर, असं काहीसं लाल अक्षरांत आलं.

“चूक असेल,” मॅडम म्हणाल्या. “कुठलं तरी शिसं उडून पडलं असेल.” त्यांनी नळी धुतली, रिकामी नळी पुन्हा लावली. काही नाही. मग आठव्या नळीतलं पाणी पन्नास पट पातळ केलं आणि पुन्हा लावलं. मग पिशवीतून नवं पीठ मोजून पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. आबा बाकावर बसून राहिले. चहा आला तो तसाच गार झाला. त्यांनी मनात शंभर वेळा म्हटलं की मशीन बिघडू दे.

साडेचार वाजता मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या. “एकसष्ट,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा. काका, या पिशवीवर ‘चांगलं’ कुणी लिहिलं?”

आबांची नजर पिशवीवरच्या सुनेच्या अक्षरावर गेली.

“हे पीठ कोण खातं?”

“आमी. आमच्या घरचे.”

“घरात लहान मूल आहे?”

आबांच्या डोळ्यांपुढं बाहेर काढलेली जीभ आली. दर पंधरवड्याची चिमूट आली, दर जेवणाची भाकर आली. त्यांनी मान डोलवली आणि मॅडम शेजारी बाकावर बसल्या.

“काका, गिरणीत शिसं कुठं आहे?”

ते त्यांना सकाळी मांजरसुंब्यातच आठवलं होतं. आठवलं होतं आणि त्यांनी तोंड फिरवलं होतं, हेही त्यांना तिथं बसल्या बसल्या कबूल करावं लागलं. तीन वर्षांपूर्वी खालच्या दगडाला खड्डे पडले होते. असा पाषाण पुन्हा मिळायचा नाही, म्हणून त्यांनी गॅरेजातून ब्याटरीचं शिसं आणलं, पळीत वितळवून खड्ड्यांत ओतलं आणि वर घासून सपाट केलं. काय पकड बसली होती! येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांनी ती दाखवली होती. पुढं दर टाकीला छिन्नी त्या शिशावरूनही फिरत होती. त्याचा जो चुरा निघायचा तो पहिल्या दळणात जायचा, आणि पहिलं दळण घरी. लोकांना मिळायचं ते उरलंसुरलं.

परतीच्या वाटेवर आबा चौसाळ्याला उतरले. शब्द दिलेला होता. चौकात बंकटच्या दुकानासमोर उभं राहून ते मोठ्यानं म्हणाले, “बंकट, तुझा तांदूळ चोख हाय. चुकी माझी. माफी कर.” चार माणसं हसली. बंकट हसला नाही. त्यानं आबांचा चेहरा पाहिला आणि दंडाला धरून त्यांना आत नेलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं दार लोटून घेतलं.

“मॅडम कुणाला सांगणार हाय का?”

“पाकिटाचं संस्थेला कळलंय. गिरणीचं मलाच सांगितलंय. तुमीच जाऊन गावाला सांगा म्हणाल्या.”

“मग ऐक. मोटार जळली म्हून सांग. गिरणी बंद ठिव. दगड फोडून टाक, नवा बसीव. आजपासून तर कुणाच्या पोटात जाणार न्हाई ना? झालं मग. एकतीस वर्साचं नाव हाय शहादेव, एका दिवसात मातीत घालू नको.”

वाईट माणूस बोलत नव्हता, जुना मित्र बोलत होता, आणि म्हणूनच ते बोलणं आबांच्या मनात चिकटलं. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी ते वाक्य हलक्या आवाजात म्हणूनही पाहिलं: मोटार जळली. ते अगदी सहज जमलं.

घरी आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. त्यांनी मंजुषाला गिरणीत बोलावलं, वरचा दगड उचलला आणि नखानं खालच्या दगडावरचा पिठाचा थर खरवडला. चार ठिकाणी करडी चकाकी उघडी पडली. नख सहज रुतत होतं. मंजुषानं एकदा दगडाकडं पाहिलं, एकदा आबांच्या हातातल्या कागदाकडं. आठवी ओळ तिनं दोनदा वाचली.

“मामा, तुमी तिच्या जिभेवर...” ती एवढंच म्हणाली. मग घरात गेली, पिठाचा डबा उचलला, तव्यावरची भाकर काढून घेतली, परातीतला गोळा घेतला आणि सगळं एका पोत्यात कोंबलं. वत्सलाबाई “अगं, अगं” करत राहिल्या. मंजुषा रडत नव्हती. तिला इतका राग आला होता की रडायला जागा नव्हती, आणि तो राग कुणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं, कारण सासऱ्यानं जे केलं ते चांगुलपणानंच केलं होतं.

आबा उंबऱ्यावर बसले होते. “बंकट म्हणतो, मोटार जळली म्हून सांग.”

“मग सांगा,” मंजुषा म्हणाली. “लोकांच्या डब्यात आठ-आठ दिवसांचं दळण हाय. त्येंच्यातबी पोरं हायेत. सांगा की मोटार जळली.”

सकाळी आबा रिपोर्टचा कागद घेऊन निघाले. एकतीस वर्षांत ते कुणाच्या दारात गेले नव्हते, लोक त्यांच्या दारात येत. पहिलंच घर भिवराबाईचं. त्यांनी सगळं सांगितलं आणि पीठ परत मागितलं. भिवराबाईनं कागद हातात न घेताच परत दिला.

“आबा, मशीनचं काय खरं असतंय? जो माणूस पहिलं दळण आपल्या घरी नेतो, त्याच्या पिठात खोट? आमी न्हाई मानत.”

शिवी दिली असती तर आबांना सोसली असती. ते मटकन ओट्यावर बसले. “भिवराबाई, घरी नेलं तेच सगळ्यात वाईट निघालं गं,” ते म्हणाले. “माझी ईश्वरी ते खातीय. तुझ्या पाया पडतो, डबा दे.”

भिवराबाईनं डबा दिला. सगळ्यांनी काही असा दिला नाही. कुणी तोंडावर बोललं, कुणी पाठीमागं. एका पोरसवद्या आईनं कडेवरचं बाळ सावरत दार लावून घेतलं, आणि आतून तिचा रडण्याचा आवाज येत राहिला. आबा प्रत्येक दारात तेच बोलले आणि कुठंही मोटारीचं नाव काढलं नाही. तीन दिवसांत दीडशे उंबरे झाले. गोळा झालेलं पीठ आणि चारशे पाकिटं पोत्यांत शिवून ठेवली. मॅडमनी बजावलं होतं की हे ना गुरांना घालायचं, ना विहिरीच्या कडेला टाकायचं.

गटाच्या बायका पुन्हा भाजायला बसल्या. साखराबाईंची कढई सगळ्यांत आधी चुलीवर चढली. चौसाळ्याच्या एका गिरणीचं पीठ आधी तपासून घेतलं आणि मग तिथं दळलं. पहिला ट्रक आला तेव्हा एकशे सत्तर पाकिटं झाली होती, बाकीची मागाहून फडावर पोचवायची ठरली.

त्याच आठवड्यात ईश्वरीचं आणि वत्सलाबाईंचं रक्त बीडला तपासलं. रक्तात जे शिसं पाचाच्या आत असायला हवं ते वत्सलाबाईंचं एकोणतीस निघालं, ईश्वरीचं अडतीस. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दूध-अंडी द्यायला सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. शिसं हळूहळू उतरेल, ते म्हणाले. पोरीचं जे मागं पडलं आहे ते किती भरून येईल हे आज कुणी सांगू शकत नाही. आबांनी विचारलं, “माझं रक्त दिऊन काई व्हतंय का?” डॉक्टरांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तो काळा दगड आबांनी स्वतः घणानं फोडला. दोन महिन्यांनी गिरणीत ओतीव दगडांचा नवा जोड बसला. त्यांना टाकी लावून झाली, आबांनी खटका वर केला आणि पायलीभर ज्वारी वरून सोडली. वाडी निम्मी रिकामी होती. दारात फक्त भिवराबाई आणि मंजुषा होत्या. मंजुषाच्या हातात नवी प्लास्टिकची पिशवी होती. हे पीठ घरी जाणार नव्हतं, बीडला जाणार होतं, आणि तिथून आकडा येईपर्यंत कुणाच्याही तोंडात पडणार नव्हतं.

पहिलं पीठ पडायला लागलं तसा आबांचा हात सवयीनं खाली गेला. चिमूट भरली गेली, आणि त्यांनी वर पाहिलं तर समोर ईश्वरी उभी होती. गिरणीचा आवाज ऐकून ती धावत आली होती. डोळे मिटलेले, जीभ बाहेर.

आबांनी मूठ आवळली. “न्हाई मालकीण. आता पहिलं मशीन खाणार.”

पोरीनं डोळे उघडले. तिनं त्यांच्या मुठीकडं पाहिलं, मग तोंडाकडं, आणि जीभ आत घेऊन म्हणाली, “आबा, पीठ.”

मंजुषाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. ईश्वरीनं दोन शब्द जोडून पहिल्यांदाच काही म्हटलं होतं. आबांना त्याचा आनंद झाला आणि त्याच क्षणी तो आनंद आपला नाही असंही वाटलं. ते खाली बसले, मिटली मूठ धोतरावर पुसत राहिले, पुसत राहिले. पोर पुन्हा जीभ बाहेर काढून वाट पाहत होती.